बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोल्डर कॉपी होत नाही, 'परवानगी नाही' येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातले लग्नाचे फोटोग्राफर, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, वाशीतली सीए ऑफिसं, ऐरोलीचे आयटीवाले... धंदे वेगळे, पण मेसेज एकच: "एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर फोल्डर टाकतोय, परवानगी नाही म्हणतंय." तेच तेच उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलं आहे. आपला प्रश्न शोधा, बाकीचे सोडून द्या. ज्या डिस्कवर तुमची एकुलती एक प्रत आहे तिच्यावर मात्र घाईने काही करू नका.

बटणांची आणि आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा.

१. कॉपी करताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं. डिस्क गेली का?

बहुधा नाही. परवानगीची अडचण असली की नकार लगेच येतो, आणि दर वेळी त्याच फोल्डरवर येतो. डिस्क खराब होत असली की कॉपी रांगते, मध्येच थांबते, खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते, कधी टिकटिक ऐकू येते. तसं असेल तर हे पान बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. मरणाऱ्या डिस्कवर परवानग्या बदलत बसणं म्हणजे तिला आणखी राबवणं.

नकार नक्की कोण देतंय ते आधी ओळखा. जिथून घेताय त्या डिस्कवरची एकच फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून बघा. मग जिथे टाकायचंय तिथे एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवून बघा. पहिलं अडलं तर दोष घेणाऱ्या बाजूचा नाही, देणाऱ्या बाजूचा. दुसरं अडलं तर उलट. 'डेस्टिनेशन फोल्डर ॲक्सेस डिनाइड' असे शब्द दिसले, तर ज्या डिस्कवर लिहायचंय ती नाही म्हणतेय. हे न बघताच लोक जुन्या डिस्कच्या परवानग्या उलट्यापालट्या करतात आणि अडचण नव्या डिस्कवर असते.

२. डिस्क माझी, फोटो माझे, पासवर्ड माझा. मग विंडोज परवानगी कोणाची मागतंय?

विंडोजच्या डिस्क बहुतेक एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असतात. त्यात प्रत्येक फाइलसोबत 'ही कोणाची आणि कोणी काय करायचं' याची यादी साठवलेली असते. त्या यादीत तुमचं नाव नसतं, एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन चेहरा न बघता गाडीचा नंबर रजिस्टरशी ताडून बघतो, तसंच. जुन्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं 'संजय' होतं आणि नव्यावरही 'संजय' आहे, तरी क्रमांक वेगळे असतात. त्याच मशीनवर विंडोज नव्याने टाकलं तरी क्रमांक बदलतो. सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो तुमचाच जुना अवतार आहे.

मग प्रत्येक हार्ड डिस्कला हा त्रास का होत नाही? कारण 'ॲडमिनिस्ट्रेटर्स', 'युजर्स', 'एव्हरीवन' या ठरलेल्या गटांचे क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोजवर सारखेच असतात. बाहेरच्या डिस्कवर थेट टाकलेल्या फाइल्सना साधारण अशाच गटांची परवानगी असते, म्हणून त्या कुठेही उघडतात. अडतात ती जुन्या सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरमधली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर्स, कारण ती फक्त त्या खात्यापुरती राखलेली असतात. बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून केसमध्ये घातली की म्हणूनच हमखास हा नकार येतो.

३. माझ्या डिस्कचा फॉरमॅट कोणता ते कसं बघू? त्याने काय फरक पडतो?

विंडोजमध्ये 'धिस पीसी'त डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'फाइल सिस्टीम'ची ओळ. मॅकवर डिस्क निवडून 'गेट इन्फो', तिथे 'फॉरमॅट'.

फरक मोठा पडतो. एनटीएफएस, मॅकचे एपीएफएस आणि मॅक ओएस एक्स्टेंडेड, लिनक्सचा ईएक्सटी४ हे चारही मालकी आणि परवानग्या साठवतात. एक्सफॅट आणि फॅट३२ साठवतच नाहीत. तेव्हा तुमची डिस्क एक्सफॅट असेल आणि ती नकार देत असेल, तर मालकी घेण्याचे युट्यूबवरचे उपाय करून वेळ घालवू नका. थेट प्रश्न ७ वाचा.

४. विंडोजमध्ये फोल्डरची मालकी कशी घ्यायची?

आधी साधा उपाय. फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन' अशी खिडकी येते, तिथे 'कंटिन्यू' दाबा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. हे बटण फक्त दार उघडत नाही, तुमचं खातं त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहितं. म्हणून आतमध्ये हजारो फाइल्स असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते. मध्येच डिस्क उपटू नका.

तेवढ्याने झालं नाही तर:

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड'. वर 'ओनर'च्या पुढे 'चेंज' दाबा, आपलं खातं लिहा, 'चेक नेम्स', ओके. आता खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' हा चौकोन दिसेल. त्यावर टिक केली नाही तर फक्त वरचं फोल्डर तुमचं होतं आणि आतलं सगळं जुन्या मालकाचंच राहतं. 'मालकी घेतली तरी उघडत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथे चुकलेले असतात. ॲप्लाय करा, सगळ्या खिडक्या बंद करा, परत उघडा. मालकी मिळाली म्हणजे वाचायची परवानगी मिळाली असं नाही. मालक स्वतःला परवानगी देऊ शकतो, इतकंच. म्हणून आता 'ॲड' करून आपल्या खात्याला 'फुल कंट्रोल' द्या.

यादीत कुठे 'डिनाय' दिसलं तर ते काढावं लागतं. एकाच पातळीवर 'अलाऊ' आणि 'डिनाय' दोन्ही असतील तर 'डिनाय' जिंकतं.

हे फक्त स्वतःच्या डेटाच्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हवर किंवा 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स'वर कधीही नाही. तिथली बरीचशी मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' या विंडोजच्या स्वतःच्या खात्याकडे मुद्दाम ठेवलेली असते, ती काढून घेतली की अपडेट्स अडायला लागतात. डिस्क दुसऱ्याची असेल, किंवा परत त्याच जुन्या मशीनमध्ये बसणार असेल, तरीही हा रस्ता नको. त्यासाठी पुढचा प्रश्न.

५. मालकी न बदलता नुसत्या फाइल्स काढून घेता येतील का?

येतात, आणि माझ्या मते शंभरातल्या नव्वद लोकांनी हेच करावं. तुम्हाला जुन्या डिस्कवर राज्य करायचं नाही, फोटो हवेत. जुनी डिस्क आहे तशी राहिली तर काही बिघडलं तरी परत पहिल्यापासून सुरू करता येतं.

विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आधीपासून असते, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. मग: रोबोकॉपी, जागा (स्पेस), जिथून घ्यायचं त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, जागा, जिथे टाकायचं त्याचा पूर्ण पत्ता. पत्त्यात स्पेस असेल तर दोन्ही पत्ते दुहेरी अवतरणांत. त्यानंतर हे पर्याय, प्रत्येकाआधी तिरकी रेघ:

/ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

'ई' म्हणजे आतली सगळी फोल्डर्स, रिकामी धरून. 'बी' म्हणजे बॅकअप पद्धत. खरी करामत इथे आहे. बॅकअप घेणाऱ्याला फाइल वाचता आलीच पाहिजे म्हणून विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरला परवानग्यांची यादी ओलांडून वाचू देतं, आणि मूळ यादीला हातही लागत नाही. नव्या डिस्कवर गेलेल्या फाइल्स तिथल्या परवानग्या घेतात, त्यामुळे जुना अनोळखी क्रमांक मागे राहतो.

'एक्सजे' विसरू नका, विशेषतः 'युजर्स'मधलं फोल्डर घेत असाल तर. त्यात काही फोल्डर्स खरी नसतात, दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या वाटा असतात. एरवी त्या बंद असतात, पण 'बी' लावलं की उघडतात. मग रोबोकॉपी त्याच फोल्डरभोवती गोल गोल फिरत बसते. 'आर' आणि 'डब्ल्यू' दिले नाहीत तर एका अडलेल्या फाइलसाठी ती दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करते. तिचं मूळ सेटिंगच तसं आहे. रात्री लावून झोपलेली माणसं सकाळी तीच फाइल बघतात.

अख्खी डिस्क मुळापासून देऊ नका, एकेक फोल्डर द्या. मुळापासून दिलं तर डिस्कच्या मुळाचे 'हिडन' आणि 'सिस्टीम' हे गुण नव्या फोल्डरला चिकटतात आणि कॉपी झालेलं फोल्डर दिसेनासं होतं. झालंच असं, तर घाबरू नका, डेटा तिथेच आहे. ॲट्रिब आज्ञेने त्या फोल्डरवरून 'एस' (सिस्टीम) आणि 'एच' (हिडन) काढा.

६. कॉपी केल्यावर जुन्या परवानग्याही सोबत जातात का?

साध्या कॉपी-पेस्टने नाहीत. जिथे फाइल पोचते तिथल्या फोल्डरच्या परवानग्या ती घेते. एका डिस्कवरून दुसरीवर कट-पेस्ट केलं तरी तेच, कारण आतून ती कॉपी करून मूळ पुसणंच असतं. एकाच ड्राइव्हच्या आत कट-पेस्ट केलं तर मात्र फाइल जुन्या परवानग्या घेऊनच सरकते. ऑफिसात 'मी शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलंय, पण बाकीच्यांना उघडत नाही' ही तक्रार बहुधा इथूनच येते. उपाय: कट नको, कॉपी करा आणि मग मूळ पुसा.

दोन डिस्कमध्ये एवढ्या मोलाचा डेटा हलवताना कट-पेस्ट मुळात करूच नये. मध्येच लाइट गेली की अर्ध्या फाइल्स इथे, अर्ध्या तिथे.

७. पेनड्राइव्ह एक्सफॅट आहे, तरी 'राइट प्रोटेक्टेड' येतं. का?

तिथे मालकीचा प्रश्नच नाही (प्रश्न ३), मग कारण दुसरं शोधायचं.

एसडी कार्ड असेल तर कडेचा छोटा लॉक बघा. कॅमेऱ्याच्या बॅगेत तो सरकतो. कार्ड अडॅप्टरवरही तोच असतो. पेनड्राइव्ह जुना असेल तर त्यातली चिप झिजल्यावर काही पेनड्राइव्ह स्वतःहून 'फक्त वाचा' अवस्थेत जातात. त्यातलं सगळं लगेच काढून घ्या आणि तो टाकून द्या. त्याला परत लिहिता करण्याचे उपाय असतात, पण त्यावर पुन्हा विश्वास कशाला ठेवायचा? डिस्क नीट इजेक्ट न करता काढली असेल तर तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टूल्स'मध्ये जाऊन एरर चेकिंग चालवा. एक्सफॅट अशा ओढाताणीत एनटीएफएसपेक्षा लवकर बिघडतं.

सगळं जातं, फक्त मोठे व्हिडिओ जात नाहीत, असं असेल तर फॉरमॅट फॅट३२ आहे. त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही, डिस्क कितीही रिकामी असो.

८. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण काढतो, पुन्हा येते.

येऊ दे. टिक नसून भरलेला चौकोन दिसत असेल, तर तो फोल्डरबद्दल काहीच सांगत नाही. आतल्या फाइल्सना तो गुण लावायचा किंवा काढायचा असेल तर वापरायची ती जागा आहे. तुमचा नकार दुसरीकडून येतोय. प्रश्न १ पासून सुरुवात करा.

९. फोटोग्राफरने दिलेली डिस्क मॅकवर उघडते, फोटो दिसतात, पण तीत काही टाकता येत नाही.

डिस्क एनटीएफएस आहे. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. यात परवानगी बदलण्यासारखं काही नाही. 'गेट इन्फो'मध्ये 'यू कॅन ओन्ली रीड' असं सरळ लिहिलेलं असतं. मॅकला एनटीएफएसवर लिहिता यावं म्हणून विकत मिळणारी सॉफ्टवेअर्स आहेत, ती चालतात. पण मॅक आणि विंडोज दोन्हींमध्ये ये-जा करायची डिस्क असेल तर ती एक्सफॅटच करून ठेवावी. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फोटो दुसरीकडे काढा. अल्बमवाल्याकडे डिस्क पाठवण्याच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.

१०. डिस्क मॅकचीच आहे, जुन्या मॅकवर भरलेली. नव्या मॅकवर काही फाइल्सपाशी कॉपी थांबते.

फाइंडरला एका फाइलची परवानगी नसली की तो सगळी कॉपी सोडून देतो. डिस्कवरच्या फोल्डरचा नाही, डिस्कचाच 'गेट इन्फो' उघडा. तळाशी 'शेअरिंग अँड परमिशन्स', कुलपावर क्लिक करून पासवर्ड, आणि 'इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'वर टिक. बाहेरच्या डिस्कसाठी हाच सगळ्यात साधा आणि निरुपद्रवी उपाय, टिक काढली की सगळं पूर्ववत. ही ओळच दिसली नाही तर डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल.

फाइंडरमधून जातं पण एखाद्या ॲपमधून जात नाही, असं असेल तर ते प्रायव्हसीचं प्रकरण आहे. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून बाहेरच्या डिस्कला हात लावण्याआधी ॲपला तुमची संमती लागते. कधीतरी घाईत 'डोन्ट अलाऊ' दाबलेलं असतं. सिस्टीम सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'फाइल्स अँड फोल्डर्स' इथे जाऊन ते बदला.

टाइम मशीनच्या बॅकअप फोल्डरमध्ये काही बदलता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

११. उबंटूवर भरलेली डिस्क दुसऱ्या उबंटूवर लावली. 'परमिशन डिनाइड'.

विंडोजसारखंच, फक्त क्रमांक छोटे. उबंटूत पहिल्या खात्याचा क्रमांक १००० असतो, दुसऱ्याचा १००१. घरी तुम्ही पहिले आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दुसरे असाल, तर ईएक्सटी४ डिस्कच्या दृष्टीने तुम्ही परके. सुडो लावून सीएच-ओन आज्ञेने त्या फोल्डरची मालकी बदला, किंवा मूळ तसंच ठेवून सुडोने कॉपी करा आणि नव्या प्रतीची मालकी बदला.

एनटीएफएस डिस्क लिनक्सवर फक्त वाचता येत असेल, तर ती विंडोजमधून अर्धवट सुटून आली असण्याची शक्यता मोठी. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. शिफ्ट दाबून शट डाउन करा किंवा डिस्क आधी नीट इजेक्ट करा. आणि एक्सफॅटवर परवानग्या बदलणारी सीएच-मॉड आज्ञा चालत नाही म्हणून रागावू नका, तिथे परवानग्या लिहायला जागाच नाही.

१२. ऐरोलीच्या कंपनीचा लॅपटॉप आहे. माझी हार्ड डिस्क लावली की वाचता येतं, पण तिच्यावर काहीच कॉपी होत नाही. घरच्या लॅपटॉपवर चालते.

मग डिस्क ठणठणीत आहे. कंपनीच्या आयटी विभागाने बाहेरच्या डिस्कवर लिहिणं धोरणाने बंद केलेलं असतं. महापे, ऐरोली, घणसोलीच्या ऑफिसांतून हा प्रश्न इतका येतो की उत्तर तोंडपाठ झालं आहे: वाट काढू नका. असे प्रयत्न नोंदले जाऊ शकतात आणि नोकरीवर येऊ शकतं. स्वतःचे पगाराचे कागद, फॉर्म १६ वगैरे हवं असेल तर आयटी हेल्पडेस्कला तिकीट टाका. काही ठिकाणी बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेल्या डिस्कवर लिहू देतात. ते विचारून बघा.

१३. मालकी घेतली, फुल कंट्रोल दिलं, रोबोकॉपी करूनही झालं. तरी काही फाइल्स उघडतच नाहीत.

फाइलवर छोटं कुलूप दिसतंय का, किंवा जुन्या विंडोजमध्ये नाव हिरव्या अक्षरांत होतं का? त्या फाइल्स ईएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. हे विंडोजच्या प्रो आवृत्तीत असतं, बरेचदा जुन्या ऑफिसच्या मशीनवर कोणीतरी लावून ठेवलेलं. इथे परवानगी मिळूनही उपयोग नाही, मजकूरच चावीविना वाचता येत नाही. जुन्या खात्याचं सर्टिफिकेट निर्यात करून ठेवलं असेल किंवा जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तरच मार्ग आहे. म्हणून जुनं मशीन भंगारात देण्याआधी हे तपासा.

बिटलॉकर वेगळं. तिथे अख्खी डिस्कच बंद असते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉपमध्ये मालकाला पत्ता नसताना ते चालू असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेलं असेल तर की त्या खात्यात सापडण्याची शक्यता चांगली.

१४. काही मराठी नावांच्या फाइल्सच अडतात. यात परवानगीचा काय संबंध?

काही नाही, पण संदेश फसवा येऊ शकतो. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की एक्स्प्लोरर अडतो. सोसायटीच्या कागदपत्रांत 'वार्षिक सर्वसाधारण सभा' अशा लांब नावांची बरीच फोल्डर्स एकात एक असली की ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. रोबोकॉपीला (प्रश्न ५) ती लागू नाही.

लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. नुसत्या 'श्री'चे १२ बाइट होतात. म्हणजे ८५ चिन्हांनंतर नाव बसत नाही. नाव लहान करा.

मॅकवर 'हळद १२/०५' असं नाव चालतं, विंडोजला तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही. मॅकवर असतानाच बदलून घ्या.

१५. फोनला ओटीजीने पेनड्राइव्ह लावला. 'अँड्रॉइड' फोल्डरातला 'डेटा' दिसत नाही.

२०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तो इतर ॲप्सना बंद आहे. व्हॉट्सॲपचे फोटो हवे असतील तर ते 'डेटा'त नाहीत, 'अँड्रॉइड'मधल्या 'मीडिया' फोल्डरात आहेत, आणि ते उघडतं.

१६. दुकानदाराने 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन काम करून दिलं. चालेल का?

घरच्या फोटोंच्या डिस्कवर चालेल. सीए ऑफिसच्या किंवा दवाखान्याच्या डिस्कवर नाही. ती डिस्क ज्या विंडोजला लागेल तिथला कोणीही सगळं वाचू शकतो आणि पुसूही शकतो. नव्या डिस्कवरच्या प्रतीपुरतं असेल तर आयकॅकल्स आज्ञा, फोल्डरचा पत्ता आणि पुढे /रीसेट /टी दिलं की आतलं सगळं पुन्हा वरच्या फोल्डरप्रमाणे होतं. मूळ डिस्कवरच केलं असेल तर आधीची यादी परत मिळत नाही.

१७. सगळं आलं की नाही, हे कसं कळणार? जुनी डिस्क फॉरमॅट करायची आहे.

दोन्ही फोल्डर्सच्या प्रॉपर्टीजमधली फाइल्सची संख्या आणि 'साइज' ताडून बघा. 'साइज ऑन डिस्क' नको, ती फॉरमॅटप्रमाणे बदलते. रोबोकॉपी शेवटी तक्ता देते, त्यात 'फेल्ड'च्या रकान्यात शून्य हवं. मधल्या मधल्या काही फाइल्स प्रत्यक्ष उघडा, नुसते थंबनेल बघून समाधान मानू नका.

जुन्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह चालू असेल तर आणखी एक खाच आहे. काही फाइल्स फक्त नावाला डिस्कवर असतात, मजकूर ऑनलाइन असतो. त्या कुठल्याच परवानगीने कॉपी होणार नाहीत. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर साइन इन करून उतरवून घ्या, आणि त्या हातात आल्यावरच जुन्या डिस्कच्या फॉरमॅटला हात घाला.